डब्ल्यू २११ ई २८० सीडीआय: गिअरबॉक्सच्या जोडाशी ऑइल गळतंय, आधी काय उघडावं?

नाशिक_२११

गाडी २००८ ची मर्सिडीज ई २८० सीडीआय (डब्ल्यू २११ पिढीची ई-क्लास, डिझेल), फेसलिफ्टनंतरची, सात गिअरचा ऑटोमॅटिक. रनिंग १,१२,००० किमी.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून ऑइल टिपकतं. रात्रभर उभी राहिली की खाली तळहाताएवढा डाग पडतो. गॅरेजवाल्याचं म्हणणं, क्रँकचं मागचं मेन सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. दुसरं म्हणजे अधूनमधून चेक लाइट लागतो आणि पिकअप एकदम पडतो, बंद करून चालू केली की परत व्यवस्थित. गरम झाल्यावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका बसतो. सिग्नलला डी मध्ये ब्रेक दाबून उभं असलं की स्टीअरिंग थरथरतं, आणि स्पीडब्रेकरवर पुढून डावीकडे खटखट येते.

सगळं एकदम करण्याइतकं बजेट नाही. क्रम कसा लावावा? आणि मेन सीलचं निदान पटण्यासारखं आहे का?

व्ही_सिक्स

गिअरबॉक्स अजिबात उतरवू देऊ नका, निदान पक्कं होईपर्यंत तरी नाही. तुमच्या गाडीतल्या ओएम ६४२ इंजिनात बेलहाउसिंगवर (इंजिनाला जोडणाऱ्या गिअरबॉक्सच्या तोंडाच्या कवचावर) ऑइल दिसलं की पहिला संशय ऑइल कूलरच्या सीलवर घ्यायचा.

हा कूलर दोन हेडच्या मधल्या खोलगट जागेत, टर्बोच्या खाली बसवलेला आहे. ब्लॉकवर तो जिथे टेकतो तिथे सील आहेत. कंपनीने सुरुवातीला लावलेले सील इतक्या उष्णतेत कडक होतात, चपटे होतात आणि ऑइल सोडायला लागतात. ते ऑइल खोलगट जागेत साचतं, मागच्या टोकाच्या निचऱ्याच्या भोकातून ब्लॉकच्या पाठीवरून बेलहाउसिंगवर उतरतं. खालून बघणाऱ्याला ते मेन सीलसारखंच दिसतं. असं हजारदा होतं: गिअरबॉक्स उतरतो, चांगलं सील बदललं जातं, आणि महिन्याभरात डाग पुन्हा तिथेच.

खात्री करून घेणं अवघड नाही. इंजिनाची पाठ आणि बेलहाउसिंग डिग्रीझरने स्वच्छ धुऊन घ्या. ऑइलमध्ये यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) टाका, शंभरेक किमी चालवा, मग गाडी लिफ्टवर घेऊन यूव्ही टॉर्चने बघा. चमकणारी रेघ वरून, ब्लॉकच्या पाठीवरून खाली येत असेल तर कूलर. वरचा भाग कोरडा आणि ओल फक्त क्रँकच्या मध्याच्या खाली असेल तर मेन सील. शिवाय टर्बोच्या मागच्या फटीतून बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत सोडला तर खोलगट जागेत साचलेलं काळं ऑइल सरळ दिसतं. मेकॅनिकने तो फोटो दाखवल्याशिवाय कुठल्याच मोठ्या कामाला हो म्हणू नका.

आता तुमचा चेक लाइट. माझ्या मते तो याच जागेतला दुसरा आजार आहे. टर्बोच्या तोंडाशी एअर इंटेकच्या नळीत एक लाल-केशरी रबरी सील असतं. क्रँककेसच्या ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ तिथून पाझरते आणि नेमकी खाली बसवलेल्या इनटेक फ्लॅपच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या पडद्यांच्या) मोटरवर टिपकते. ऑइल मोटरच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिरलं की पाच व्होल्टचा सेन्सर पुरवठा खाली खेचला जातो. तो पुरवठा इतर सेन्सरनाही सामाईक आहे, त्यामुळे स्कॅनरवर एकदम चार-पाच निराळेच बिघाडाचे कोड येतात, गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवायला ताकद कमी करून) जाते आणि मेकॅनिक एकेक सेन्सर बदलत बसतो.

म्हणून खरा सल्ला हा: ही जागा एकदाच उघडा आणि आतलं सगळं त्याच खेपेला उरका. पार्ट स्वस्त आहेत, मजुरीच महाग आहे. टर्बो आणि दोन्ही इनटेक मॅनिफोल्ड काढल्याशिवाय कूलर हाताला लागत नाही. सरावलेल्या हातालाही दीड-दोन दिवस लागतात.

मागवायच्या वस्तू: कूलरचे दोन सील, नवे, जांभळ्या रंगाचे (ए ६४२ १८८ ०५ ८०), जुन्या साठ्यातले केशरी कोणी दिले तर परत करा. टर्बोच्या तोंडाचं सील (ए ६४२ ०९४ ०० ८०). इनटेक मॅनिफोल्डचे, ईजीआरचे (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हचे) आणि टर्बोच्या एक्झॉस्टचे गॅस्केट, टर्बोच्या ऑइल नळ्यांचे सील. कूलरमधून कूलंटही फिरतं, त्यामुळे ते काढून नवं भरावं लागेल: एमबी ३२५.० दर्जाचं, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. ऑर्डर देताना चासी नंबर देऊन पार्ट नंबर पुन्हा तपासून घ्या.

काम करताना तीन गोष्टींवर नजर ठेवा. मॅनिफोल्ड निघाल्याक्षणी इनटेकच्या सगळ्या तोंडांत स्वच्छ कापड कोंबलं पाहिजे. एक वॉशर आत पडला तर हेड उतरवावं लागतं. ब्लॉकवरची सीलची बैठक प्लॅस्टिकच्या पट्टीने साफ करा, एमरी पेपर नको, त्याची पूड थेट ऑइलच्या वाटेत जाते. आणि मॅनिफोल्डमधले फ्लॅप हाताने फिरवून बघा. काजळीने अडकले असतील तर साफ करा, प्लॅस्टिकच्या दांड्या तुटल्या असतील तर मॅनिफोल्डच बदलावं लागेल.

ग्लो प्लगला मात्र कोड असल्याशिवाय हात लावू नका. काढायचाच असेल तर इंजिन गरम असताना, आणि जोर लागला की तिथेच थांबायचं. मोडला की हेडमध्ये अडकतो.

सातवा_गिअर

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. झटक्याबद्दल लिहितो.

तुमचा गिअरबॉक्स ७२२.९, म्हणजे सात गिअरचा ७जी-ट्रॉनिक. याचं ऑइल 'आयुष्यभराचं' हा समज काढून टाका. ६०,००० किमीला बदलायचं असतं आणि बहुतेक गाड्यांचं कधीच बदललेलं नसतं. तुमच्या वर्षाच्या गाडीला एमबी २३६.१४ दर्जाचं लाल ऑइल लागतं. नंतरच्या ७जी-ट्रॉनिक प्लसला लागणारं २३६.१५ वेगळं, ते यात भरू नका आणि मिसळूही नका. सोबत फिल्टर आणि पॅनचं गॅस्केट. पॅन काढल्यावर साधारण निम्मंच ऑइल बाहेर येतं, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. कन्व्हर्टरला ड्रेन प्लग असेल तर तिथूनही काढा, नसेल तर काही हजार किमीनंतर पुन्हा एकदा बदला.

खरी चूक लेव्हलमध्ये होते. याला डिपस्टिक नाही. ऑइल खालून पंपाने भरायचं, इंजिन चालू ठेवायचं, स्कॅनरवर गिअरबॉक्सचं तापमान बघत राहायचं आणि ४५ अंशांना ओव्हरफ्लोमधून बारीक धार येऊन थेंब थेंब व्हायला लागलं की प्लग आवळायचा. थंड गाडीत लेव्हल बघितली तर ऑइल चुकीचं बसतं आणि झटका उलट वाढतो. पॅनमधल्या चुंबकांवर राखाडी मऊ गाळ असणं ठीक. चकाकणारे कण किंवा कपच्या असतील तर नुसतं ऑइल बदलून भागणार नाही.

ऑइल बदलल्यावर अ‍ॅडाप्टेशन (गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटने शिकून ठेवलेल्या गिअर बदलायच्या सवयी) रीसेट करून घ्या. तरीही झटका राहिला किंवा गाडी एकाच गिअरमध्ये अडकायला लागली तर स्पीड सेन्सरचे कोड बघा. हे सेन्सर गिअरबॉक्सच्या आतल्या कंट्रोल युनिटवर आहेत आणि ते युनिट गाडीशी कोडिंगने बांधलेलं आहे. भंगार गाडीचं काढून लावलं की चालेल, असं कोणी सांगितलं तर मानू नका.

पुणे_वर्कशॉप

थरथर: डी मध्ये येते आणि एन मध्ये टाकल्यावर जाते का बघा. जात असेल तर इंजिनाचे माउंट बसलेत. आतमध्ये तेल असतं, ते निघून गेलं की रबर खाली बसतं. दोन्ही इंजिन माउंट आणि गिअरबॉक्सचा एक, तिन्ही एकाच वेळी बदला. एकच नवा लावला तर तो जुन्यांचा भार घेऊन लवकर जातो.

खटखट: आधी स्टॅबिलायझर लिंक. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी जाणारा पार्ट. मग खालचा बॉल जॉइंट आणि आर्मचे बुश, चाक उचलून लोखंडी पहारीने हलवून बघायचे. बुश बदलल्यावर बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. लेमफर्डर किंवा टीआरडब्ल्यूचे पार्ट डब्यावर गाडीच्या कंपनीचं नाव असलेल्यांपेक्षा बरेच स्वस्त मिळतात. शेवटी अलाइनमेंट.

नाशिक_२११

मनापासून आभार. डायची टेस्ट आधी करतो. एक विचारायचं राहिलं: गॅरेजवाला म्हणतो, फ्लॅपची मोटर काढून कनेक्टरमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावला की कोड येणार नाही. हे करावं का?

व्ही_सिक्स

घाटात अडकलात आणि घरी पोचायचं असेल तर ठीक. कायमचा उपाय म्हणून नको. रेझिस्टर फक्त ईसीयूला (इंजिनाच्या कंट्रोल युनिटला) सांगतो की मोटर जागेवर आहे. फ्लॅप जिथे थांबलेत तिथेच राहतात. अर्धवट बंद राहिले तर वरच्या आरपीएमला हवा कमी पडते, धूर आणि काजळी वाढते. नाहीतरी मॅनिफोल्ड निघणारच आहेत, मोटर मेलेली असेल तर त्याच खेपेला नवी बसवा. वरचं सील न बदलता मात्र मोटर बदलू नका, नवीही तशीच जाईल.

कूलरच्या कामानंतर लगेच इंजिन ऑइल आणि फिल्टरही बदला. सुमारे साडेआठ लिटर लागतं, डब्यावर एमबी २२९.५१ छापलेलं असलं पाहिजे. आपल्याकडची धूळ आणि ट्रॅफिक बघता दर १०,००० किमी किंवा वर्ष, जे आधी येईल ते.

किनारपट्टी

क्रमाबद्दल माझं मत: ऑइलची गळती आणि चेक लाइट पहिले, मग गिअरबॉक्सचं ऑइल, माउंट शेवटी. खटखट मात्र बॉल जॉइंटची निघाली तर सगळ्यांच्या आधी, तिथे सुरक्षेचा प्रश्न आहे.

यात एक बिनखर्चाचं काम पावसाळ्याआधी घाला. पुढच्या काचेखालच्या पन्हळीत पानं साचतात आणि दोन्ही टोकांचे निचरे तुंबतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तर हमखास. पाणी तुंबलं की ते केबिनमध्ये शिरतं. या मॉडेलच्या वायरिंगचे कॅन जोड (गाडीतले कंट्रोल युनिट एकमेकांशी बोलतात त्या तारांचे) पुढच्या पायांपाशी, दाराच्या उंबऱ्याजवळ, गालिच्याखाली आहेत. त्यांना गंज चढला की एकमेकांशी संबंध नसलेले कोड यायला लागतात आणि कारण शोधण्यात आठवडे जातात. दोन्ही बाजूंचा गालिचा उचलून खालचा फोम हाताने दाबून बघा. वरून कोरडा वाटतो, फोम ओला असतो. सनरूफ असेल तर चारही कोपऱ्यांचे निचरे गवत कापायच्या यंत्राच्या नायलॉन दोरीने साफ करा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतली नळी सांध्यातून सुटते आणि पाणी थेट छताच्या कापडात जातं. डिकीत बॅटरीची खाचही बघून घ्या.

कागदपत्रं: २००८ च्या गाडीची पंधरा वर्षं २०२३ मध्ये संपली. आरसीचं नूतनीकरण पाच वर्षांचंच होतं, त्यामुळे पुढची तारीख पक्की नोंदवून ठेवा. पर्यावरण कर भरल्याची पावती सोबत लागते. विम्यात आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) फार खाली जाऊ देऊ नका. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते, आणि या गाडीचा एक हेडलाइट, बंपर आणि रेडिएटर एवढ्यातच तो आकडा गाठला जाऊ शकतो. इंजिनात पाणी शिरण्याचं संरक्षण इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा आणि एअर फिल्टरचा डबा उघडून आत ओल आहे का ते आधी बघा.