लिलावात मिळालेली बेस गिटार: दुरुस्त करून विकावी का?

प्रश्न (सांगली): ऑनलाइन लिलावात मला ३४ इंच स्केलची (म्हणजे तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी), चार तारांची जुनी बेस गिटार मिळाली. मान पुढे वाकल्यामुळे तारा फार उंच राहतात आणि आवाजाचा नॉब फिरवताना खरखर होते. विकण्यापूर्वी ती मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांना दाखवावी का?

उत्तर १: प्रथम तारा सुरात लावून ट्रस रॉड तपासावा. मानेतली ही सळई आवळली की मान तारांच्या ताणाविरुद्ध मागे येते. मात्र एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये आणि सळईचा नट जड लागल्यास तिथेच थांबावे, कारण तुटलेली सळई बदलण्याचा खर्च साध्या वाद्याच्या किमतीलाही भारी पडू शकतो. खरखर बहुधा पोटेन्शिओमीटरमधील (नॉबखालच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागातील) धुळीची असते. कॉन्टॅक्ट क्लीनर पुरेल.

उत्तर २: मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते उगाच नव्हे. तरीही तानपुऱ्यात ट्रस रॉड नसतोच, त्यामुळे ते काम गिटारवाल्याकडेच द्यावे. सुटलेला सांधा चिकटवणे किंवा हाडाचा नट (मानेच्या टोकाची, तारा पेलणारी खाचांची पट्टी) घासून बसवणे मात्र मी निःशंकपणे मिरजेत सोपवीन.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. जाहिरातीत दुरुस्तीचा उल्लेख करावा का?

उत्तर १: अवश्य करावा, आणि मानेचे बाजूने काढलेले छायाचित्रही द्यावे, जाणकार ग्राहक आधी तेच मागतो.