पीएचपीची सेटिंग बदलली, तरी अपलोड 2 एमबीलाच अडतंय

कर्वेनगरकर: कोथरूडच्या एका सोसायटीची वर्डप्रेस साइट. उबुंटू 22.04, वेब सर्व्हर एनजिनएक्स, पीएचपी 8.1 एफपीएम (साइटसाठी पीएचपी चालवणारा प्रोग्राम). ऑडिटची 20 एमबीची पीडीएफ चढवायची आहे. 'पीएचपी --आयएनआय' जी फाइल दाखवतं, तिच्यात अपलोड_मॅक्स_फाइलसाइज '64एमबी' केलं आणि एनजिनएक्स रीस्टार्ट केला. कमांड लाइनवर 64 दिसतंय, वर्डप्रेस मात्र 2 एमबीवरच अडून बसलंय.

पेठेतला: रोग रेड्याला, औषध पखालीला. ती कमांड सीएलआयची, म्हणजे कमांड लाइनवरच्या पीएचपीची, फाइल दाखवते. /ईटीसी/पीएचपी/8.1 मध्ये सीएलआय आणि एफपीएम असे वेगळे फोल्डर आहेत, प्रत्येकात स्वतःची पीएचपी.आयएनआय. साइट एफपीएमची वाचते, तीही सुरू होताना एकदाच. त्यामुळे एनजिनएक्स कितीही रीस्टार्ट करा, उपयोग नाही. 'सिस्टिमसीटीएल रिलोड पीएचपी8.1-एफपीएम' हवं.

मूळ फाइलला हात न लावता एफपीएमच्या कॉन्फ.डी फोल्डरात 99-अपलोड.आयएनआय टाका. तिथल्या फाइल नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, नंतरची आधीचीवर मात करते. तरीही फरक नाही पडला तर एफपीएमच्या पूलची (साइटच्या प्रोसेसेसच्या गटाची) डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.कॉन्फ बघा: तिथे पीएचपी_अ‍ॅडमिन_व्हॅल्यू असेल तर तीच अंतिम.

खात्रीसाठी पीएचपीइन्फोची (पीएचपीच्या चालू सेटिंग दाखवणारी) फाइल साइटवर टाकून ब्राउझरमधून उघडा, 'लोडेड कॉन्फिगरेशन फाइल'ची ओळ वाचा. मग ती पीएचपीइन्फोची फाइल लगेच काढा, पुणेरी पाटीसारखी बाहेर टांगून ठेवू नका.

टेकडीवर_रोज: '64एमबी' हीसुद्धा चूक आहे. पीएचपी शेवटचं अक्षरच बघतं: के, एम किंवा जी. इथे शेवटी 'बी' आहे, म्हणजे मर्यादा 64 बाइट! 8.2 पासून निदान इशारा येतो, 8.1 गप्प बसतं. '64एम' लिहा. पोस्ट_मॅक्स_साइज, म्हणजे अख्ख्या फॉर्मची मर्यादा, त्याहून मोठं, '72एम' ठेवा. मुळात ते 8एम असतं. फॉर्म त्याच्यापुढे गेला की पोस्ट आणि फाइल्स दोन्ही अ‍ॅरे रिकामे, आणि माणूस फॉर्मचा कोड तपासत बसतो.

यानंतर 413 येईल, म्हणजे 'मागणी फार मोठी' ही एनजिनएक्सची एरर. क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइज एनजिनएक्समध्ये न लिहिल्यास 1एम धरला जातो. तो 72एम करा. हा बदल मात्र एनजिनएक्स रिलोड केल्यावरच लागतो.

कर्वेनगरकर: झालं, पीडीएफ चढली. दुसरी एक साइट शेअर्ड होस्टिंगवर आहे, रूट (सर्व्हरचा पूर्ण ताबा) नाही. तिथे आयनी_सेट, म्हणजे स्क्रिप्टमधूनच सेटिंग बदलणं, चालेल?

पेठेतला: नाही. स्क्रिप्ट सुरू होईपर्यंत अपलोड होऊन गेलेलं असतं. साइटच्या फोल्डरात .यूझर.आयएनआय ठेवा, एफपीएम ती 300 सेकंद लक्षात ठेवतो, तेव्हा पाच मिनिटं थांबून मग तपासा. .एचटीअ‍ॅक्सेसमध्ये पीएचपी_व्हॅल्यू लिहू नका, मॉड_पीएचपी (अपाचे वेब सर्व्हरच्या आतच पीएचपी चालवणारं मॉड्यूल) नसेल तर अपाचे थेट 500 एरर देतो.

टेकडीवर_रोज: आणि .यूझर.आयएनआय ब्राउझरमधून उघडते का तेही बघा. उघडली तर होस्टिंगवाल्यांना बंद करायला सांगा.