मदत हवी: मारुती डिझायरचं जुनं मॉडेल सवलतीत घ्यावं की नवीनच घ्यावी? ३१ डिसेंबर २०२४ च्या आत ठरवायचंय

ऐरोलीपूल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं एकदाच सांगितलं तर तुम्हालाही सल्ला द्यायला सोपं जाईल.

राहायला मुलुंड पूर्व, ऑफिस ऐरोलीला. घरात मी, बायको, चार वर्षांची मुलगी आणि बाबा. बाबा एकाहत्तर वर्षांचे, उजव्या गुडघ्याची वाटी बदललेली. जुनी सेकंडहँड वॅगनआर मे महिन्यात विकली. आता घरात पहिल्यांदाच कोरी गाडी येणार आहे. महिन्याला सातशे किलोमीटर धावेल. गणपतीला आणि मे महिन्यात गुहागर तालुक्यातलं गाव, बाकी सगळं मुंबईतच.

एसयूव्ही का नको, हे आधीच सांगतो. सोसायटीत स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या) आहे आणि मला खालचा पाळणा मिळालाय. त्यावर १५५० मिलिमीटर उंचीची पाटी आहे. उंच गाड्यांचा विषय तिथेच मिटला. जुनी डिझायर १५१५, नवीन १५२५. लांबी दोन्हींची ३९९५, रुंदी १७३५. दोन्ही बसतात.

तर प्रश्न असा. नवीन डिझायर ११ नोव्हेंबर २०२४ ला आली. शोरूममध्ये तीच बघायला गेलो होतो, तर सेल्समन म्हणाला, "साहेब, आधीच्या मॉडेलच्या दोन गाड्या यार्डात शिल्लक आहेत, व्हीएक्सआय एजीएस, चांगला डिस्काउंट देतो." (व्हीएक्सआय हे व्हेरिएंट, एजीएस म्हणजे क्लच नसलेला, आपोआप बदलणारा गिअर.) ऑन-रोड दोन आकडे दिले: जुनी ८ लाख ५५ हजार, नवीन व्हीएक्सआय एजीएस ९ लाख ६५ हजार. म्हणजे बरोब्बर १ लाख १० हजारांचा फरक. नवीनची प्रास्ताविक किंमत (८.२४ लाख एक्स-शोरूम, म्हणजे टॅक्स-विमा सोडून) ३१ डिसेंबर २०२४ पर्यंतच आहे, त्यामुळे फार दिवस विचार करत बसता येणार नाही.

दोन्ही चालवून पाहिल्या. आणि खरं सांगायचं तर मला जुनीच आवडली. चार सिलिंडरचं इंजिन आहे, ९० पीएस ताकदीचं. सिग्नलला उभं राहिल्यावर गाडी चालू आहे की बंद, हे काट्याकडे बघून ठरवावं लागलं. नवीनमध्ये तीन सिलिंडर, साधारण ८२ पीएस. एसी चालू, पाय ब्रेकवर आणि हात स्टिअरिंगवर असला की बारीकशी थरथर तळहाताला लागते. वाईट नाही, तीन सिलिंडरचा तो स्वभावच आहे. पण ऐरोली पुलावर रोज संध्याकाळी अर्धा तास मी याच अवस्थेत असतो.

दुसरीकडे नवीनमध्ये सहा एअरबॅग, सगळ्या व्हेरिएंटमध्ये. जुनीत दोन. बायको एवढ्या एकाच वाक्यावर ठाम आहे. मी अजून ठरवू शकलेलो नाही. तुम्ही काय केलं असतं?

---

कोकणवारी

माझ्याकडे २०२१ ची जुनी डिझायर आहे, एजीएसच. वर्षातून पाच-सहा वेळा चिपळूण. तुमच्या तळहातानं जे सांगितलं ते अगदी खरं आहे. ते इंजिन म्हणजे लोणी. कशेडीच्या बोगद्यानंतरचा रस्ता असो की परशुराम घाट, चार माणसं आणि डिकीभर आंबे घेऊन गाडी कधी कण्हली नाही. एजीएसला घाटात ऑटोवर सोडू नका, मॅन्युअलवर घेऊन दुसऱ्या गिअरला चढवा. एवढी एक सवय लावून घेतली की झालं.

नवीन मी चालवलीय. आठ पीएस कमी झालेत म्हणून घाबरू नका, टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, जवळजवळ तेवढाच आहे (११३ न्यूटन-मीटरचा ११२ झालाय) आणि तो थोडा आधी मिळतो. गावात चालवताना कमी ताकद अशी जाणवत नाही. जाणवतो तो आवाज, तोही जोरात पिळल्यावर.

इंजिनापुरतं विचाराल तर जुनी. पण मी माझी घेतली तेव्हा मुलं कॉलेजात होती, हेही सांगून ठेवतो.

---

मागची_सीट

दादा, मी वहिनींच्या बाजूने. जरा सविस्तर लिहिते, कारण एअरबॅग मोजून हा विषय संपत नाही.

नवीन डिझायरला ग्लोबल एनकॅप या गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत मोठ्यांसाठी पाच तारे आणि मुलांसाठी चार तारे मिळाले. मारुतीच्या कुठल्याही गाडीला पाच तारे मिळण्याची ही पहिलीच वेळ. तारे सोडा, त्या अहवालातला एकच शब्द बघा: गाडीचा सांगाडा 'स्थिर' ठरला. आता त्याच्याशेजारी आधीच्या पिढीची स्विफ्ट ठेवा. तुमच्या जुन्या डिझायरची ती सख्खी बहीण, पाया तोच. २०२२ मध्ये नव्या, कडक नियमांनी तिची चाचणी झाली तेव्हा मोठ्यांना एक तारा, मुलांना एक तारा आणि सांगाडा 'अस्थिर'.

सांगाडा अस्थिर म्हणजे धडकेनंतर माणूस बसतो ती जागाच चेपण्याची भीती. एअरबॅग ही उशी आहे, पण उशी ठेवायला आधी खोली उभी राहायला हवी ना? म्हणून "दोन एअरबॅग आहेत की, पुढे मीच बसतो" या हिशेबाला अर्थ नाही. तुमची मुलगी मागे बसणार आहे.

शिवाय नवीनमध्ये ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), हिल होल्ड (चढावर गाडी मागे न जाऊ देणारं), पाचही सीटला तीन बिंदूंचा पट्टा आणि पट्टा लावला नाही तर घंटी, हे सगळं खालच्या व्हेरिएंटपासून. मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा आहे, पण किती जण लावतात हे आपण रोज बघतो.

थरथरीची सवय महिन्याभरात होते. माझ्या गाडीतही तीनच सिलिंडर आहेत, आता लक्षातही येत नाही.

---

हिशेबाची_वही

पैशाचं मांडून देतो.

मायलेजसाठी नवीन घेऊ नका. कंपनीचे आकडे एजीएसला जुनी लिटरला २२.६१ किलोमीटर, नवीन २५.७१. महिना ७०० म्हणजे वर्षाला ८,४०० किलोमीटर. या आकड्यांनी वर्षाला ४५ लिटर वाचतात. मुंबईतल्या दराने साडेचार हजारांच्या आसपास. शहरात दोन्ही गाड्या यापेक्षा बऱ्याच कमी देतील, तेव्हा फरक सात-आठ हजार धरा. तरीही १ लाख १० हजार वसूल व्हायला तुमच्या मुलीचं कॉलेज सुरू होईल.

दुसरी बाजू. हाच फरक कर्जात घातला, पाच वर्षं, नऊ टक्के, तर हप्ता साधारण २,३०० रुपयांनी वाढतो. बस, एवढाच निर्णय आहे. महिन्याला २,३०० रुपये देऊन मागच्या ताई म्हणतात ते सगळं हवंय का?

आणि विकताना? जुना आकार टॅक्सीसाठीच्या टूर एसमध्ये सध्या (डिसेंबर २०२४) चालू आहे. त्यामुळे पार्ट्सची चिंता कधीच नाही, पण खासगी गिऱ्हाईक पाच-सात वर्षांनी "हा टॅक्सीवाला आकार" म्हणून भाव पाडणारच. आज मिळालेल्या १ लाख १० हजारांतले बरेचसे तेव्हा परत जातील.

सीएनजीचा विचार केलात का? महाराष्ट्रात सध्या (२०२४) दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे, सीएनजीला ७ टक्के.

---

ऐरोलीपूल

सर्वांचे मनापासून आभार.

सीएनजी बायकोनेही सुचवलं होतं. पण त्यात एजीएस मिळत नाही आणि बाबांची व्हीलचेअर डिकीत जायला हवी. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून लांबच्या प्रवासात ती बरोबर असते. टाकी बसवली की ती मावत नाही.

मागची_सीट ताई, सांगाड्याचं मला खरंच माहीत नव्हतं. मी आपला एअरबॅगच मोजत होतो.

आज यार्डात जाऊन जुनी गाडी प्रत्यक्ष बघितली, त्याबद्दल विचारायचंय. सेल्समन म्हणाला होता, "एकदम ताजी गाडी आहे, सप्टेंबरची." धूळ पुसून टायरवरचा आकडा वाचला: ०९२४. चारही टायरवर तोच. याचा अर्थ काय घ्यायचा? ब्रेकच्या डिस्कवर गंजाचा तांबूस थर होता आणि दाराच्या रबरात माती अडकलेली. बाकी रंग, काचा, आतून सगळं कोरं. मीटरवर ३१ किलोमीटर.

---

भांडुप_गॅरेज

टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. ०९२४ म्हणजे २०२४ चा नववा आठवडा, फेब्रुवारीची अखेर. टायर आधी बनतो, गाडी नंतर. पण कारखान्यात टायर सहा-सहा महिने पडून राहत नाहीत. चारही टायर एकाच आठवड्याचे आहेत म्हणजे गाडी मार्च-एप्रिलचीच असणार. सप्टेंबर मला पटत नाही.

वाद घालू नका, कागद मागा. फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, त्यात बनावटीचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. पुढे आरसीवरही तेच छापून येतं आणि गाडी विकायला काढाल तेव्हा समोरचा आधी तिथेच बोट ठेवेल.

डिस्कवरचा तांबूस थर काही नाही, दहा ब्रेक मारले की साफ. मला काळजी आहे ती अख्खा पावसाळा उघड्यावर काढल्याची. बॅटरी बसलेली असू शकते, एकाच जागी उभं राहून टायर चपटे पडतात, वायपरची रबरं कडक होतात आणि उंदीर वायरी कुरतडतात. बॉनेट उघडून वायरिंगची नळी बघितलीत का? मी आजवर जेवढ्या 'कोऱ्या' यार्डातल्या गाड्या पाहिल्या, त्यातल्या बऱ्याच ठणठणीत होत्या, पण बघितल्याशिवाय घ्यायची नाही. घेणारच असाल तर नवी बॅटरी लिहून घ्या आणि सवलत अजून पंचवीस-तीस हजारांनी वाढवून मागा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात यार्डातली गाडी त्यांनाच जड झालेली असते.

विमा त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही, आणि 'हँडलिंग चार्जेस' असं काही बिलात दिसलं तर काट मारायला सांगा. दोन्ही गाड्यांना हे लागू.

---

कोकणवारी

गॅरेजवाल्यांशी सहमत. एक सुचवू का? जुन्या गाडीसाठी टेस्ट ड्राइव्हची गरजच नाही. अॅपवरून टॅक्सी बोलवा, दोन-तीन वेळा बोलावलीत की एकदा तरी जुनी डिझायर येईलच. बाबांना मागे बसवून तासभर फिरवून आणा. मग नवीनमध्ये तसंच बसवा. आपण सगळे स्टिअरिंगवरून बोलतोय, त्यांना मागून काय वाटतं ते बघा.

---

मागची_सीट

हे मात्र लाखातलं बोललात.

---

ऐरोलीपूल

रविवारी कोकणवारींचं ऐकलं. मुलुंडहून ठाण्यापर्यंत टॅक्सीने गेलो, जुनी डिझायर, बाबा आणि मी मागे. बाबांना त्रास काहीच नाही, पाय पसरायला जागा, बसायला-उठायला माझ्या खांद्याचा आधार लागला एवढंच. मी पट्टा लावा म्हटलं तर नेहमीचं उत्तर, "मागे कशाला लागतो?" यावर आमचं गेली दोन वर्षं भांडण चालू आहे. त्या दिवशीही मीच गप्प बसलो.

मग शोरूममध्ये नवीन गाडीत बसवलं. बसण्या-उठण्यात तसूभरही फरक नाही, हे आधी सांगतो. सेल्समनने गाडी बाहेर काढली आणि घंटी वाजायला लागली. बाबांनी विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "आजोबा, मागचा पट्टा." बाबांनी एक शब्द न बोलता पट्टा ओढला, बकल शोधायला त्यांना जरा वेळ लागला, मग टक्‌ करून बसलं. घंटी थांबली. परत आलो तोवर पट्टा तसाच होता. माझं दोन वर्षांत जे ऐकलं नाही ते गाडीचं पहिल्या दिवशी ऐकलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं आणि रात्रीच ठरवलं. काल नवीन व्हीएक्सआय एजीएस बुक केली. महिना २,३०० रुपये जास्त जातील. मुलुंड-ऐरोलीचा टोल १४ ऑक्टोबर २०२४ पासून माफ झालाय, त्यातले काही तिकडे वळवीन. जुन्या इंजिनाची हळहळ मला राहणार आहे, ती लपवत नाही. पुलावर अडकलो की आठवण येईल.

---

हिशेबाची_वही

अभिनंदन! एक तातडीचं: बहुतेक बुकिंगच्या पावतीवर डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागेल असं बारीक अक्षरात असतं. जानेवारीत गाडी आली तर प्रास्ताविक किमतीचं काय, ते आजच लेखी घ्या.

---

ऐरोलीपूल

धन्यवाद, तुमचा प्रतिसाद वाचून सकाळीच गेलो. गाडी ३१ तारखेच्या आत बिलिंगला लावतो असं ईमेलवर लिहून दिलंय. रंग पांढरा घेतला तर स्टॉकमध्ये आहे म्हणाले, म्हणून पांढरा. या वेळी टायर आणि फॉर्म २१ दोन्ही पैसे भरायच्या आधी बघणार आहे. आकडा इथे टाकीन.

ज्यांच्याकडे नवीन डिझायर आलीय त्यांना एकच विचारतो: मुलीचं चाईल्ड सीट डाव्या बाजूला आयसोफिक्सवर (चाईल्ड सीट अडकवायच्या गाडीतल्या हुकांवर) बसवलं, तर उजवीकडे बसलेल्या बाबांना त्यांच्या पट्ट्याचं बकल हाताला नीट लागतं का? त्या दिवशी रिकाम्या सीटवरही त्यांना ते चाचपडावं लागलं होतं.