मदत हवी आहे : ७४ वर्षांच्या आईचा जुना फुफ्फुससंसर्ग आणि प्रतिजैविकाची निवड

निपाणीजवळच्या खेड्यात राहणाऱ्या माझ्या आईला (वय ७४) तरुणपणी झालेल्या क्षयानंतर ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत कफ साचत राहण्याचा आजार) जडला असून, गेल्या वर्षभरात बेडक्याच्या कल्चरमध्ये (जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) तीन वेळा स्युडोमोनास हा जिवाणू आढळला आहे. रोज सकाळी अर्धी वाटी हिरवट, चिकट बेडका पडतो. ताप मात्र येत नाही. उतारवयात संसर्ग वाढला तरी ताप येतोच असे नाही, हे आम्हाला उशिरा समजले आणि त्यात काही आठवडे वाया गेले, याची फार खंत वाटते.

क्षयाची नवी तपासणी निगेटिव्ह आहे, मधुमेह नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचे १४ दिवसांचे दोन कोर्स झाले. दुसऱ्या वेळी टाचेमागची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) दुखू लागली आणि साठीनंतर या औषधाने ती तुटण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांनी ते थांबवले. अमिकासिन या दुसऱ्या प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यावे, तर त्याने मूत्रपिंड व कानांना इजा होऊ शकते; आईचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आधीच वाढलेले, १.६ आहे आणि डाव्या कानाने कमी ऐकू येते. आता नेब्युलायझरमधून (औषधाचा बारीक फवारा श्वासावाटे देणाऱ्या यंत्रातून) टोब्रामायसिन किंवा कोलिस्टिन हे प्रतिजैविक देण्याचे त्यांनी सुचवले आहे.

बेळगाव किंवा कोल्हापूरला महिन्यातून एकदाच नेणे जमते. एवढ्या वयाच्या रुग्णाला हा उपचार घरी दिलेल्यांनी कृपया सांगावे : श्वास आवळतो का हे पाहण्यासाठी पहिला डोस रुग्णालयातच दिला होता का, आणि त्यानंतर मूत्रपिंड व कानांची तपासणी किती दिवसांच्या अंतराने करावी लागली?