सूर्य मावळेल तिथे मुक्काम? आधी गाडीची लांबी सांगा

वर्धारोडवाला:
परवा इथे एका गृहस्थांनी लिहिलं, "अमेरिकेत मोटरहोमने फिरायचं आणि कॅम्पग्राउंड सहा-सहा महिने आधी बुक करायचं, ही घाबरटांची कामं. मोठ्यात मोठी गाडी घ्या, चावी फिरवा, सूर्य मावळेल तिथे मुक्काम." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. त्यातल्या काहींची पोरं तिकडे आहेत आणि येत्या उन्हाळ्यात ते नागपूरचं ऊन चुकवायला खरोखरच जाणार आहेत, म्हणून लांबलचक लिहितो.

छत्तीस-चाळीस फुटांची मोटरहोम, म्हणजे स्वयंपाकघर-संडासासकट चाकांवरचं घर, आपल्या एसटीएवढी लांब. ती घेऊन निघालात की मुक्काम तुम्ही ठरवत नाही, गाडीची लांबी ठरवते. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवरचं मॅथर कॅम्पग्राउंड घ्या. तिथे तीस फुटांच्या वर प्रवेश नाही आणि हूकअपही नाही, म्हणजे गाडीला वीज-पाणी-सांडपाण्याची जोडणी नाही. शेजारीच ट्रेलर व्हिलेज आहे, पन्नास फुटांपर्यंतची गाडी सरळ आत घालून सरळ बाहेर काढता येते, वीज-पाणी-सांडपाणी सगळं जागेवर. अर्थात सगळ्या मोठ्या गाड्यांना तीच जागा हवी असते. यलोस्टोनमध्ये पूर्ण हूकअप फक्त फिशिंग ब्रिजला, आणि अस्वलांमुळे तिथे तंबूला बंदी. योसेमिटीत तर एकाही कॅम्पग्राउंडवर हूकअप नाही, चाळीस फुटीला खोऱ्यात मोजक्याच जागा. त्याचं बुकिंग पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला, तिथल्या सकाळी सातला उघडतं. जुलैच्या उत्तरार्धासाठी १५ फेब्रुवारी, म्हणजे नागपुरात रात्री साडेआठ. बघता बघता संपतं.

आधी मुक्काम, मग प्रेक्षणीय स्थळं. यादी उलटी केलीत की रात्री नऊला अंधारात रिव्हर्स मारत बसाल आणि मागे टॉर्च घेऊन बायको उभी.

मनमौजी_मानकापूर:
ते गृहस्थ मीच. नाव घ्यायला लाजलात का?

सगळं छापील बोललात, पण दोन गोष्टी सोयीस्कर गाळल्या. पश्चिमेकडे बीएलएमच्या (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, तिथलं सरकारी जमीन खातं) ताब्यातली जमीन अफाट आहे. बहुतेक ठिकाणी अठ्ठावीस दिवसांत चौदा दिवस फुकट राहता येतं, बुकिंग नाही, शेजारी नाही. आणि वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये लोक वर्षानुवर्षं झोपतात. मी आणि माझा साडू असेच फिरलो. रोज सकाळी नकाशा उघडायचा, मन म्हणेल तिकडे. तुमच्या पद्धतीने जायचं तर केसरीची सीट घ्या ना, गळ्यात बिल्ला घालून फिरा.

वर्धारोडवाला:
गाडी केवढी होती ते सांगा आधी.

मनमौजी_मानकापूर:
त्याचा काय संबंध?

वर्धारोडवाला:
तोच तर संबंध आहे.

मनमौजी_मानकापूर:
व्हॅन होती. क्लास बी. पण तत्त्व तेच.

सीताबर्डी_सर्किट:
अबे भाऊ 😂 व्हॅन घेऊन फिरला अन् लोकायले चाळीस फुटी घ्या म्हणून सांगून राहिला! म्हणजे स्कुटीवर बसून ट्रक चालवाचे क्लास.

डेन्व्हरची_वहिनी:
माहेर नागपुरातलं महाल, सध्या कोलोराडो. दोघांनाही थोडं थोडं.

वॉलमार्टचं: सरसकट परवानगी नाही. त्या-त्या दुकानाचा मॅनेजर आणि त्या गावचा नियम, दोन्ही बघावं लागतं. फोन करून विचारा. आणि ते फक्त झोपण्यापुरतं. खुर्च्या मांडून कांदाभजी तळायला नाही. आमचे पाहुणे एका दुकानाबाहेर चांदवा उघडून बसले होते, रात्री सुरक्षारक्षकाने उठवलं. सासरे अजून तो विषय काढला की जेवण सोडतात.

बीएलएमचं खरं आहे, पण रस्ते कच्चे. भाड्याच्या गाडीच्या करारात बहुतेक वेळा कच्चा रस्ता वर्ज्य असतो. गाडी रुतली तर विमा हात वर करतो.

आणि वर्धारोडवाल्या काकांनी रस्त्यांचं सांगितलंच नाही. ग्लेशियर नॅशनल पार्कमधला गोइंग-टू-द-सन रोड मधल्या घाटात एकवीस फुटांवरच्या गाडीला बंद. झायन नॅशनल पार्कमधला बोगदा १९३० चा, तेव्हा असल्या गाड्या कोणाच्या स्वप्नातही नव्हत्या. अकरा फूट चार इंचांहून उंच गाडी आपल्या लेनमध्ये मावतच नाही. तेव्हा कॅम्पग्राउंड कुठलं हे ठरवण्याआधी त्याच्याकडे जाणारा रस्ता आपल्या गाडीला चालतो का, हे पार्कच्या संकेतस्थळावर वाचा. गूगल नकाशाला तुमची उंची माहीत नसते.

समृद्धीवीर:
तुम्ही लोक उगाच बाऊ करता. आम्ही समृद्धीवरून नागपूर ते शिर्डी, ५२० किलोमीटर, सकाळी तर्री-पोहे खाऊन निघतो आणि दुपारच्या जेवणाला हजर. अमेरिकेचे रस्ते तर त्याहून भारी. दिवसाला आठशे किलोमीटर सहज. मग मुक्काम निम्मे होतील, बुकिंगची कटकटही निम्मी.

वर्धारोडवाला:
इकडच्या कारचा हिशोब तिकडच्या बारा टनांना लावू नका. तिथले जुने लोक तीन-तीन-तीनचा नियम सांगतात: दिवसाला तीनशे मैलांच्या वर नाही, दुपारी तीनच्या आत पोहोचायचं, एका जागी तीन रात्री. तीनशे मैल म्हणजे ४८० किलोमीटर, आणि तेही जास्तीत जास्त. यलोस्टोनच्या आत वेगमर्यादा ताशी पंचेचाळीस मैल, त्यात मधोमध गव्यासारखा बायसन उभा राहिला की सगळी रांग त्याची मर्जी बघत थांबते. दुपारी तीनला पोहोचायचं कारण एकच: उजेडात गाडी लावता येते, ऑफिस उघडं असतं, प्लग चालत नसेल तर बदलून मागता येतो.

धरमपेठची_काकू:
मुक्काम, लांबी, बोगदा. वहिनी सोडली तर सगळे पुरुष. आता मी बोलते.

आम्ही दोन कुटुंबं अशीच मोटरहोमने फिरलो. तुमच्या तीनला पोहोचण्याचा फायदा कोणाला? गाडी लागली की हे खुर्ची टाकून बाहेर, आणि आम्ही दोघी दीड हात ओट्यासमोर. फोडणी टाकली की स्मोक अलार्म. जिरं तडतडलं की अलार्म! मग एकीने झारा धरायचा, दुसरीने टॉवेलने वारा घालायचा. घरी निदान स्वयंपाकाला मावशी येतात. तिथे जाऊन डॉलर मोजून पोळ्या लाटल्या. याला सुट्टी म्हणत असाल तर मुक्काम कुठला का असेना, माझ्या दृष्टीने सगळे सारखेच.

सीताबर्डी_सर्किट:
काकू, लाख बोललात.

मनमौजी_मानकापूर:
काकू, वाटेत बाहेर खायचं ना मग. सगळीकडे सँडविच मिळतात.

धरमपेठची_काकू:
तुमच्या साडूला चार दिवस सँडविच खाऊ घाला आणि मग मला सांगा. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी "वरण-भात नाही का?" सुरू झालं होतं. आणि हो, एक विषय कोणी काढत नाही. संडासाची टाकी. तिसऱ्या दिवशी कडेला लाल दिवा. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. कारण? आपली माणसं. कागद नको, पाणी हवं. प्रत्येकाचा मग. टाकी भरणार नाही तर काय?

पाइपवाला_इंजिनिअर:
क्षमा करा काकू, पण इथे तांत्रिक घोळ आहे. जन्म पाइपात गेला आहे माझा, राहवत नाही.

पाणी हा गुन्हेगार नाही. ब्लॅक टँकमध्ये, म्हणजे संडासाच्या टाकीत, पाणी कमी पडलं की घट्ट भाग तळाला साचतो, त्याचा डोंगर होतो, आणि तो काढताना नानी आठवते. कागदवाल्यांचीच टाकी जास्त तुंबते. पाण्याने टाकी लवकर भरते हे मान्य, पण निचरा स्वच्छ होतो. खरी चूक दुसरीच: पूर्ण हूकअप मिळालं की लोक ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून देतात. पाणी वाहून जातं, घट्ट मागे राहतं. व्हॉल्व्ह बंद ठेवा, टाकी दोन-तृतीयांश भरू द्या, मग एकदम सोडा. आधी ब्लॅक, नंतर ग्रे (भांड्या-अंघोळीच्या पाण्याची टाकी), म्हणजे त्या पाण्याने पाइप धुऊन निघतो.

समृद्धीवीर:
सकाळी सकाळी नाश्त्याच्या वेळी हे वाचून राहिलो.

पाइपवाला_इंजिनिअर:
वाचून घ्या, तिथे करावं लागेल. हातमोजे जाड घ्या. पाइप जोडल्यावर खटका बसला की नाही ते दोनदा ओढून बघा. आमच्या शेजारच्या जागेवरच्या माणसाने नाही बघितलं.

धरमपेठची_काकू:
काही असो, भरते तर लवकर ना? मग झालं. पाणी नको म्हणत नाही मी, त्या टाकीचा हिशोब कोणी ठेवायचा ते सांगा. आमच्याकडे सगळ्यांनी लाल दिव्याकडे पाठ केली होती, आणि शेवटी मोजे घातले कोणी? मी आणि माझ्या जावेने. नवरे "फोटो काढतो" म्हणाले.

डेन्व्हरची_वहिनी:
काकू, हा तर मुक्कामाचाच मुद्दा झाला! टाकी साधारण तीस-चाळीस गॅलनची, म्हणजे एकशे पंधरा ते दीडशे लिटर. सहा माणसं, आपली पाण्याची सवय, तर दर तिसऱ्या रात्री पूर्ण हूकअप किंवा निदान वाटेत डंप स्टेशन, म्हणजे टाकी रिकामी करायची जागा, हवंच. म्हणजे दोन रात्री मॅथरसारख्या कोरड्या जागी, तिसरी सोयीच्या जागी. हे कॅलेंडरवर आधी मांडा. खाजगी कॅम्पग्राउंड महाग पडतं, पण तिथे धुलाईयंत्रं आणि गरम पाण्याच्या अंघोळी असतात. केओए ही अशा कॅम्पग्राउंडची साखळी १९६२ पासून आहे, बिलिंग्ज, मोंटानातून सुरू झाली, मोठ्या गाडीला पुल-थ्रू (सरळ आत, सरळ बाहेर) जागा सहसा मिळते.

मनमौजी_मानकापूर:
म्हणजे आता स्वातंत्र्य संडासाच्या टाकीवर अवलंबून. वा. सगळी मजाच गेली. इथे महाराष्ट्राने २०२१ ला कॅरावान धोरण आणलं तेव्हाही हेच: लोक पेंच-ताडोबाचं स्वप्न सोडून प्लग कुठे, पाइप कुठे विचारायला लागले.

सीताबर्डी_सर्किट:
मग प्लग कुठं आहे भाऊ? खिंडसीच्या काठावर गाडी लावली तं एसी कायच्यावर चालवू, संत्र्याच्या सालीवर?

मनमौजी_मानकापूर:
पंखा लावायचा.

सीताबर्डी_सर्किट:
मे महिन्यात? रामटेकले? या, मी बाहेरून पाहतो.

वर्धारोडवाला:
विषय भरकटला, पण विजेचंही सांगून ठेवतो. मोठ्या गाडीला पन्नास अँपियरचा प्लग लागतो, दोन एसी असतात. जुन्या कॅम्पग्राउंडवर तीसच मिळतो. अडॅप्टरने जोडता येतं, पण मग एक एसी, मायक्रोवेव्ह आणि काकूंची इंडक्शन शेगडी एकदम नाही. बुक करताना लांबी, अँपियर आणि पुल-थ्रू, हे तिन्ही विचारा. जनरेटरला रात्री बहुतेक ठिकाणी बंदी असते, त्याच्या भरवशावर राहू नका.

मनमौजी_मानकापूर:
काका, तुम्ही माणूस आहात की माहितीपुस्तिका? ठीक आहे. चाळीस फुटी असेल तर योसेमिटी आणि यलोस्टोन आधी बुक करायचं, एवढं कबूल. १५ फेब्रुवारी, रात्री साडेआठ, गजर लावला, खूश? पण मधल्या रात्री मोकळ्या ठेवणार. चार जुलैचा, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनाचा आठवडा सोडला तर आडवाटेच्या गावात जागा मिळतेच, आणि लहान गाडी घेतली तर तुमचे अर्धे नियम रद्द.

वर्धारोडवाला:
लहान गाडी घ्या म्हणून मीच कधीचा सांगतोय. पंचवीस फुटांची क्लास सी, म्हणजे मधल्या आकाराची मोटरहोम घ्या, दारं बरीच उघडतात. तुमच्याच पोस्टमध्ये "मोठ्यात मोठी" लिहिलं होतं.

मनमौजी_मानकापूर:
ते उत्साहात लिहिलं. एक रात्र मात्र बीएलएमवर काढणारच, कोणाला न विचारता.

पाइपवाला_इंजिनिअर:
काढा. आदल्या दिवशी टाकी रिकामी करून जा.

डेन्व्हरची_वहिनी:
आणि जायचा रस्ता डांबरी आहे का बघा.

धरमपेठची_काकू:
त्या रात्री मी मोटेलमध्ये. बुकिंग माझं मी करीन.