मदत हवी आहे: सेंट पीटर्सबर्गमध्ये एकच मोकळा दिवस, कोणता राजवाडा बघू?

आसावरी_प
आई-बाबांना घेऊन मॉस्को ते सेंट पीटर्सबर्ग नदीवरच्या क्रूझला चालले आहे. पीटर्सबर्गला एक दिवस मोकळा आहे. पीटरहॉफ करू की कॅथरीन पॅलेस? की दोन्ही होतील? जहाजावरून नेतात ती सहल फार महाग आहे, तिचे पैसे भरायचे की नाही ते आज रात्रीपर्यंत कळवायचं आहे. गुगलून झालं, जो तो वेगळंच सांगतो. प्लीज लवकर सांगा.

नेवाकाठ
महिना कोणता? वार कोणता? पीटरहॉफची कारंजी एप्रिलअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच चालतात. कॅथरीन पॅलेस मंगळवारी बंद, पीटरहॉफचा मोठा राजवाडा सोमवारी, हर्मिटाज संग्रहालयही सोमवारी. वार कळल्याशिवाय काय सांगणार?

सुनंदा_भटकंती
कॅथरीनच, डोळे मिटून! तिथली अंबराची, म्हणजे मधाच्या रंगाच्या राळेच्या खड्याची खोली बघितल्याशिवाय परत यायचं नाही. प्रशियाच्या राजाने १७१६ मध्ये रशियाच्या झार पीटरला दिलेले अंबराचे ते मूळ फलक १९४१ मध्ये जर्मन सैन्याने उचकटून नेले, आणि युद्धानंतर त्यांचा पत्ताच लागला नाही. रशियन कारागिरांनी सगळी खोली नव्याने घडवली, २००३ मध्ये खुली केली. मी आत गेले आणि बोलायचंच विसरले. भिंतभर मधाचा रंग!

पाटकरी_काका
पाटबंधारे खात्यात नोकरी झाली, म्हणून माझं मत पीटरहॉफला. तिथल्या कारंज्यांना पंप नाही. वीसेक किलोमीटरवरच्या रोप्शाच्या उंचवट्यावरून कालव्याने पाणी येतं, वरच्या बागेतल्या तळ्यांत साठतं आणि निव्वळ उताराच्या जोरावर खाली उसळतं. सिंहाचा जबडा फाडणाऱ्या सॅमसनच्या पुतळ्यातून वीस मीटर उंच धार उडते. तीनशे वर्षं झाली, व्यवस्था तीच. आसावरी, बाबांना हे आधी सांगून ठेव, बघताना वेगळंच वाटेल.

सुनंदा_भटकंती
काका, कारंजी म्हैसूरच्या वृंदावनातही आहेत. अंबराची खोली जगात एकच.

पाटकरी_काका
सुनंदाताई, वृंदावनाशी बरोबरी नको. हा सॅमसन १७०९ मध्ये रशियाने पोल्टावाला स्वीडनवर मिळवलेल्या विजयाची खूण आहे. मूळ पुतळा दुसऱ्या महायुद्धात गेला, राजवाडा जळाला, तरी १९४७ मध्ये नवा सॅमसन उभा केला त्या लोकांनी. आणि तुमची खोलीही नव्यानेच केलेली आहे की!

रोकड_पाटील
सर्वात महत्त्वाचं कुणीच बोलत नाही. आपल्याकडची व्हिसा, मास्टरकार्ड कार्डं २०२२ पासून रशियात चालत नाहीत. डॉलर किंवा युरो रोख न्या. नोटा कोऱ्या असू द्या, लिहिलेल्या-फाटक्या घेत नाहीत. रुबल तिथल्या बँकेतच बदलून घ्या, रस्त्यावर नको.

आसावरी_प
३० जून, मंगळवार. आईचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. पाटीलसाहेब, पैशांची सोय झाली आहे, तरी आभार. काका, कारंज्यांचं बाबांना आत्ताच वाचून दाखवलं. पण कुठे जाऊ ते सांगा ना कुणीतरी!

नेवाकाठ
हे आधी हवं होतं. मंगळवार, म्हणजे कॅथरीन बाद. त्यात ३० तारीख महिन्यातला शेवटचा मंगळवार, त्या दिवशी पीटरहॉफचा मोठा राजवाडाही बंद असतो. राजवाड्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवर खात्री करून घे. मात्र खालची बाग आणि कारंजी चालू असतात. जहाजाच्या सहलीत पीटरहॉफ 'आतून' दाखवणार असं लिहिलं असेल, तर पैसे भरण्याआधी नक्की काय दाखवणार ते लेखी माग.

मोरपंखी
हर्मिटाज मंगळवारी उघडं असतं. दुपारी तिथेच जा. झारांचा हिवाळी राजवाडा म्हणजे तोच. जॉर्डन जिना, सोन्याचा मोर असलेलं घड्याळ, राफाएलची दालनं. सगळं बघायचा हट्ट धरलात तर आईंचे हाल होतील.

दर्याचा_राजा_अलिबाग
रशियन प्रवासी अफानासी निकितिन ज्या त्वेरहून निघून पंधराव्या शतकात आमच्या चौलला उतरला, ते गाव व्होल्गाकाठीच आहे. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. तुमचं जहाज तिथे थांबणार का? थांबलं तर त्याचा पुतळा बघाच, चौलकरांच्या वतीने नमस्कार सांगा.

नेवाकाठ
नाही थांबणार. मॉस्को कालवा दुब्नाजवळ व्होल्गाला मिळतो आणि जहाज तिथून खालच्या अंगाला, उग्लिचकडे जातं. त्वेर वरच्या अंगाला राहतं. धागा भरकटतोय.

आसावरी, हर्मिटाजजवळच्या धक्क्यावरून पीटरहॉफला 'मेतिओर' नावाच्या वेगवान बोटी जातात. साधारण पाऊणएक तासात थेट खालच्या बागेच्या धक्क्यावर. तिथून कालव्याच्या कडेने सरळ, सपाट चालत गेलं की समोरच कारंज्यांचा मोठा धबधबा. पायऱ्या चढून वर गेलं नाही तरी चालतं. मोठी कारंजी अकराला संगीतावर सुरू होतात, त्याआधी पोहोचा. तिकीट एकदाच आत जाण्यापुरतं असतं, बाहेर पडलात की संपलं. परतताना त्याच धक्क्यावर उतरा, हर्मिटाज समोरच.

सुनंदा_भटकंती
वारा असला की मेतिओर रद्द होतात! मग काय करायचं ते ठरवून ठेव. बाल्टिक स्टेशनवरून लोकल नोव्ही पीटरहॉफला जाते, पुढे बस. पण गुडघ्यांसाठी टॅक्सीच बरी. आणि कॅथरीनसाठी परत जा.

आसावरी_प
ठरलं. जहाजाच्या सहलीला नको म्हणून कळवते. सकाळी कारंजी, दुपारी हर्मिटाजचे फक्त जॉर्डन जिना आणि मोर. आई आत्तापासून मोराचं विचारते आहे. नेवाकाठ, मनापासून आभार.

नेवाकाठ
जहाज नक्की कुठल्या धक्क्याला लागणार ते अजून सांगितलं नाहीस. शहराच्या दक्षिणेकडच्या नदीबंदरावर असेल तर सकाळी मेतिओर गाठायला तास-दीड तास आधी निघावं लागेल.