मदत हवी आहे: बाबांच्या गालातली जखम भरत नाही, कुठे दाखवू?

आम्ही दारव्हा तालुक्यातले. पोळ्याच्या सुमारास बाबांच्या डाव्या गालात आतून फोड आला. दिवाळी आली तरी तो तसाच आहे, उलट कडा जाड झाल्यात. गावातल्या डॉक्टरांनी बी कॉम्प्लेक्स अन् लावायचं जेल दिलं, फरक नाही. आईचं तोंड येतं तेव्हा तिला पाणीही झोंबतं, पण आठवड्यात बरं होतं. बाबांचं दुखतच नाही, याचीच मला जास्त भीती वाटते.

खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) कित्येक वर्षांचा, त्याच गालात धरतात. आधी भाकरीसोबत ठेचा लागायचा, आता साधी भाजीही तिखट लागते. तोंड पूर्ण उघडत नाही. "उष्णता आहे, कापसाची वेचणी झाली की पाहू" म्हणतात. शिवाय कोणीतरी सांगितलं की तपासायला जखमेचा तुकडा काढला की आजार पसरतो, त्यानेच ते घाबरलेत. यवतमाळला दाखवू की सरळ नागपूरला नेऊ?

प्रतिसाद:
दादा, वेचणीसाठी थांबू नका. मी वर्ध्याकडे दातांच्या दवाखान्यात काम करते. साधं तोंड येणं एक-दोन आठवड्यांत भरतं. त्यापुढे राहिलेली जखम, दुखो वा न दुखो, दातांच्या डॉक्टरांनी पाहायलाच हवी. सुरुवातीचा कॅन्सर अनेकदा दुखत नाही. हा तोच आहे असं मात्र मी म्हणत नाही. दाताची टोकदार कड घासूनही जखम राहते.

तोंड कमी उघडणं, तिखट झोंबणं हे सुपारीने गाल आतून कडक झाल्याचं लक्षण असू शकतं. उभी तीन बोटं तोंडात जातात का पाहा. खर्रा आजपासून बंद. तंबाखू काढून नुसती सुपारीही नको.

तुम्हाला नागपूरपेक्षा वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय जवळ. तिथे तोंडाच्या आजारांचा विभाग विचारा. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहेच. तुकडा काढल्याने आजार पसरत नाही, अन् त्याशिवाय पक्कं निदान होत नाही, हे बाबांना नीट समजावा. मानेत गाठ लागते का, गिळायला त्रास होतो का, तेही डॉक्टरांना सांगा.

मूळ प्रश्नकर्ता:
ताई, बाबांना वाचून दाखवलं. सोमवारी सावंगीला निघतो, वेचणी काका पाहतील. उपाशी न्यायचं का?

प्रतिसाद:
नाही, जेवू घालून न्या. बीपी, शुगर किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर चिठ्ठ्या सोबत घ्या. आधार अन् रेशन कार्डही ठेवा, पुढे उपचार लागले तर महात्मा फुले योजनेसाठी लागतील.